आवाज वेगळा, इशारा वेगळा

खारबांध तक्रार निवारण कक्षाच्या रोह्याच्या कार्यालयात १९९८ साली तीस मार्गांची डिजिटल दूरध्वनी यंत्रणा बसवण्यात आली. त्या वेळी कार्यालयात दूरध्वनी चार होते आणि त्यातला एक बंद होता. मंजुरीच्या नमुन्यात तीसपेक्षा कमी आकडा भरायला जागाच नव्हती, म्हणून तीस. कक्षप्रमुख दिनानाथ यांनी शंका काढली नाही. शंका काढणाऱ्यांचं पुढे काय होतं हे त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं. दोघातिघांचं तर त्यांनी स्वतःच केलं होतं.

खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाला भगदाड पडलं, की गावकऱ्यांनी या कक्षाला फोन करायचा. तो आजवर चंद्रावतीबाई उचलत. "भोक केवढं? हात जाईल एवढं, की माणूस?" एवढं विचारून त्या परस्पर मजुरांची गाडी पिटाळत आणि कागद मागाहून करत. बांध वाचायचा, पण कागदाच्या आधी वाचायचा, हे दिनानाथांना खटकत असे.

यंत्रणा बसवायला आलेल्या अभियंत्यानं एक हिरवी पट्टी दाखवली. "साहेब, बाहेरून येणारं सगळं आधी हिच्यात येतं. आवाजाचे सेकंदाला आठ हजार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा आकडा बनतो. आत बत्तीस घरं आहेत. एक ताल धरायला, तीस आवाजाला. आणि हे एक फक्त इशाऱ्यांचं. घंटी आली, फोन उचलला, खाली ठेवला, एवढंच इथे कळतं."

"म्हणजे माणूस काय बोलला ते वेगळं," दिनानाथ सावकाश म्हणाले, "आणि माणूस बोलून गेला, हे वेगळं?"

"अगदी वेगळं. अहवाल काढायचा तर इशाऱ्यांवरूनच निघतो. आवाज नुसता जातो."

दिनानाथांना भरून आलं. उभी नोकरी ते याच तत्त्वावर करत आले होते. त्याला यंत्राचा आधार आज मिळाला.

पुढचं ओघानंच झालं. अहवाल इशाऱ्यांचा, तेव्हा इशारे उत्तम हवेत. यंत्र पहिल्याच घंटीला फोन उचलू लागलं. उचलल्यावर काहीतरी बोलायला हवं, म्हणून दिनानाथांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केलं. त्यासाठी ते टाय लावून आले. आवाजात टाय दिसत नाही हे त्यांना माहीत होतं, पण धीर येत होता. "नमस्कार. आपली अडचण ऐकून वाईट वाटलं. कार्यवाही होईल. निश्चिंत असा." चंद्रावतीबाईंची बदली आवक-जावकला झाली. कॉल पूर्ण झाला की अहवालात आपोआप 'समाधान' अशी नोंद पडू लागली.

श्रावणात पहिला कॉल आला तो पेणच्या खाडीकाठच्या गावातून, दिनानाथांच्या सख्ख्या बहिणीचा. गिरजाबाईंनी पंचायतीतल्या फोनवरून सांगितलं, "बांधाला भोक पडलाय. हात जातोय आत." पलीकडून खुद्द भावाचा आवाज आला. त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं निश्चिंत राहायला सांगितलं.

गाव घमेली-फावडी घेऊन बांधाकडे निघालं होतं. गिरजाबाईंनी सगळ्यांना वाटेतच अडवलं. "दादा सोता बोलला. सरकारची माणसं येतायत. आपण हात लावला तर वाकडा व्हईल." गाव माघारी फिरलं.

दुसऱ्या दिवशी भगदाडातून कुत्रं जाऊ लागलं, तिसऱ्या दिवशी म्हैस. गिरजाबाईंनी रोज फोन केला, रोज दादा बोलला. कॉल वाढले तसं समाधान वाढलं आणि वरिष्ठ कार्यालयाकडून दिनानाथांना अभिनंदनाचं पत्र आलं. ते त्यांनी काचेत लावलं.

अमावास्येच्या उधाणाला बांध गेला. लावणी झालेली सगळी खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली.

गिरजाबाई एसटीनं रोह्याला आल्या. लुगड्याचा काठ चिखलानं कडक झाला होता.

"दादा, पाच येळा बोललास माझ्याशी."

"गिरजे, तो मी नव्हतो गो."

"आवाज तुझाच होता."

"आवाज माझाच. पण आवाज वेगळा आणि इशारा वेगळा. म्हणजे बघ, आत बत्तीस घरं असतात..." दिनानाथांनी कागदावर रांगेनं घरं काढली. तीस आवाजाची, एक तालाचं, एक इशाऱ्यांचं.

गिरजाबाईंनी कागद नीट पाहिला. "आणि तू कंच्या घरात व्हतास?"

कुठेतरी बोट ठेवावं म्हणून दिनानाथांनी पुन्हा पहिल्यापासून घरं मोजली. बत्तीसच भरली.

बहीण पाणीही न घेता गेली. दिनानाथ आवक-जावकच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि नोकरीत पहिल्यांदाच विनंतीच्या सुरात म्हणाले, "चंद्रावतीबाई, उद्यापासून फोन तुम्ही उचला."

"मंजुरी?"

"मागाहून."

ध्वनिमुद्रण त्यांनी पुसून टाकलं. पुसण्याआधी एकदा ऐकलं. ऐकताना त्यांनाही क्षणभर निश्चिंत वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. एकट्या बाईंना सगळ्या घंट्या उचलता येईनात, त्यामुळे त्या महिन्यात समाधान चौदा टक्क्यांवर आलं, काचेतलं पत्र काढावं लागलं, आणि दोन बांध वाचले.

पंधरा दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं. 'या कक्षाची सेवा अलीकडे फार घसरली आहे. पूर्वी पहिल्या घंटीला फोन उचलून एक सद्गृहस्थ सौजन्यानं दिलासा देत आणि आपलं काम मिनिटात होई. आता एक बाई गाव विचारते, भोक किती मोठं ते विचारते, वर बांधावर जाऊन बघून या म्हणते. सामान्य नागरिकाला एवढा वेळ आहे का? पूर्वीची तत्पर व्यवस्था पुन्हा सुरू करावी.'

दिनानाथांनी ते दोनदा वाचलं. पत्राखाली ना नाव होतं, ना गाव. नुसतंच लिहिलं होतं: एक वाचक.