नाखवाचा पेला

आमच्या सोसायटीच्या गेटावर एक स्पीडब्रेकर आहे. नाखवाच्या लाल गाडीत पुढच्या सीटवर बसून तो ओलांडायची वेळ आली, तर तुमच्या हातात काठोकाठ पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला दिला जातो. तो डॅशबोर्डवर धरायचा आणि गाडी किती हलते ते पाण्यात बघत बसायचं. पाणी सांडलं तर तुमच्याच मांडीवर. नाखवा म्हणतो, "बाई, पेला खोटं बोलत नाय." या सत्यशोधनात माझ्या चार साड्या आणि सहामाहीच्या पेपरांचा एक गठ्ठा भिजलाय. त्या गठ्ठ्यावरून मुख्याध्यापिका मला काय काय बोलल्या, ते इथे लिहीत नाही.

हरेश्वर नाखवा बाळकुमला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, माझ्या खालच्या मजल्यावर. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. मूळचा कोपरीचा कोळी. वडिलांची खाडीत होडी होती, याची हौस मात्र चार चाकांची. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळी सोसायटी मला बाई म्हणते, आणि म्हणूनच नाखवा माझ्या राशीला लागला.

पुण्यापलीकडे गाड्या पळवायचा एक ट्रॅक आहे. हौशी लोक घरच्या गाड्या घेऊन तिथे जातात, वळणावळणाच्या रस्त्यावर फेरे मारतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. नाखवा वर्षातून दोनदा जातो. बाकीची मुलं पंचविशीतली, त्यांच्या गाड्या चकाचक. हा आपल्या अकरा वर्षांच्या छोट्या गाडीत डबा घेऊन जायचा. त्याचं एकच म्हणणं होतं, एक फेरा दोन मिनिटांच्या आत झाला पाहिजे. तीन वर्षं तो दोन-तीन सेकंदांनी हुकत होता.

कारण साधं होतं. गाडीचे स्प्रिंग आणि धक्के झेलणारे शॉकअप मऊ, त्यामुळे वळणावर गाडी एका अंगावर कलायची आणि तेवढा वेळ जायचा. कडक स्प्रिंग बसवले की प्रश्न मिटणार होता. पण हीच गाडी रोज कामावर न्यायची, बाजारात न्यायची, आणि आपले रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको. ट्रॅकसाठी कडक की रस्त्यासाठी मऊ, यावर या माणसानं दीड वर्ष काढलं. मुलीला स्थळ बघतानाही लोक एवढा वेळ घेत नाहीत.

या काळात तो पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते बघायचा. डॉक्टर पोट दाबून बघतात ना, तसा चेहरा करून. एकदा सेक्रेटरींच्या नव्या गाडीचा अलार्म वाजला आणि ते बनियनवर खाली धावत आले. नाखवा शांतपणे म्हणाला, "साहेब, पुढचा डावा शॉकअप बघून घ्या." सेक्रेटरी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग गुपचूप गॅरेजमध्ये जाऊन आले, आणि शॉकअप खरंच गळत होता. या माणसाच्या हातात काहीतरी आहे, हे मी तेव्हा मानलं.

वजन कमी करायचं म्हणून त्यानं गाडीतला रेडिओ काढला, पायपुसणी काढली, छोट्या कप्प्याचं झाकणसुद्धा काढलं. ट्रॅकवरची मुलं मागची सीटच काढून टाकतात. यानं सीट ठेवली, वर त्यावर एक घडी घातलेली गोधडी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"बॅलन्सला," तो म्हणाला.

गोधडीनं कसला बॅलन्स येतो हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

पेल्यावरून तर आमचं भांडणच झालं. त्याचं म्हणणं, पाणी काठापर्यंत जाऊन परत आलं पाहिजे. "डोललं पायजे बाई, आपटलं नाय पायजे." मी म्हटलं, "अरे, ट्रॅकवर तुझा पेला कोण बघणारे? तिथे घड्याळ बघतात." यावर तो नुसतं हसायचा आणि पेला पुसायला घ्यायचा. दर रविवारी सकाळी तो कोपरीच्या बाजूला 'टेस्टिंगला' जायचा. मी येते म्हटलं की म्हणायचा, "आज नको बाई, जागा नाय." रिकाम्या गाडीत जागा नाही. मीही हट्टी, पण विचारणं सोडून दिलं.

शेवटी मी त्याला शहाडच्या राजू मेस्त्रीकडे घेऊन गेले. राजू अशाच गाड्यांची कामं करतो. नाखवानं त्याला विचारलं, नॉब फिरवून कडक-मऊ करता येतात ते शॉकअप बसवले तर?

"नॉबनं शॉकअप बदलतो काका, स्प्रिंग तेच कडक राहतात," राजू म्हणाला. "घोडा पायजे की पाळणा, एक काय ते बोला ना."

नाखवा पेला पुसायला लागला. मीच वैतागून म्हटलं, "घोडा." प्रत्येक वळणावर किती वेळ वाचेल याचा हिशोब मी वहीत करून नेला होता, आणि तो दोन मिनिटांच्या आत बसत होता. ट्रॅकला पंधरा दिवस उरले होते. शनिवारी कडक स्प्रिंग बसले. येताना गाडी वळणावर जरासुद्धा कलली नाही. पेल्यातलं पाणी थरथरत राहिलं आणि गेटावर उडून माझ्या चष्म्यावर आलं, पण मी खूश होते.

सोमवारी संध्याकाळी बघते तर गाडी मागच्यासारखीच ढिली उभी. त्यानं सुट्टी काढून शहाडला जाऊन जुने स्प्रिंग परत बसवून आणले होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "जमलं नाय बाई." तसाच तो ट्रॅकवर गेला. दोन मिनिटं आणि एक सेकंद. फक्त एका सेकंदानं गेलं. मी इतकी चिडले की दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. माझ्या सुट्ट्या गेल्या, साड्या गेल्या, आणि याचं आपलं जमलं नाय.

मग एका रविवारी मला कोपरीला मावसबहिणीकडे जायचं होतं आणि रिक्षा मिळेना. लाल गाडी शेजारी येऊन थांबली.

"बसा बाई. तोंड नंतर फुगवा."

बसले. पेला हातात आला. कोपरीत एका गल्लीत त्यानं गाडी थांबवली, स्वतःच्या बहिणीच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईला उचलून आणलं आणि मागे त्या गोधडीवर बसवलं. "माझी आये," तो म्हणाला. "खाडीपर्यंत एक फेरी मारू, मग तुम्हाला सोडतो."

आयेची नजर कुठेच ठरत नव्हती. मी नमस्कार केला, तो तिच्यापर्यंत पोचला नाही. नाखवानं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून घरात ती कोणाशीच बोलत नाही. त्याला ओळखतही नाही.

खाडीकडच्या वळणावर गाडी हळूच एका अंगावर कलली. आयेनं खिडकीची कड धरली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "अवो, भरती लागली का?"

मी दचकून नाखवाकडे पाहिलं. त्याची नजर रस्त्यावरच होती.

"तिला बाबांची होडी वाटते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लग्न झाल्यावर दोघं खाडीपलीकडे जायची चिंबोऱ्या-खेकडे धरायला. गाडी डोलली की ती बोलते, बाकी कधी नाय. त्या रविवारी कडक स्प्रिंगवर आणली, तर पूर्ण वेळ गप्प. घरी उतरवली तेव्हा मला म्हणते, दादा, रिक्षाचं किती झालं?"

दोन महिने तोंड फिरवून जिना चढले त्याची लाज वाटली, आणि माझ्या त्या वहीची तर जास्तच. घोडा म्हणून सांगणारी मीच होते.

पुढे आणखी एक वळण होतं. नाखवानं गिअर खाली घेतला आणि गाडी इतकी अलगद घातली की ट्रॅकवरच्या कुठल्या पोराला जमणार नाही. आये मागून म्हणाली, "अवो, वारा फिरला. हलू घ्या."

"घेतली गो," नाखवा म्हणाला. त्याचा नेहमीचा आवाज नव्हता तो, जाड होता, बहुतेक त्याच्या बाबांसारखा. "आलंच बंदर."

मी पेला धरून बसले होते. पाणी काठापर्यंत गेलं आणि परत आलं.