आमच्या प्रकाशातलं ड्युटी-फ्री

विमानतळ मला पूर्ण कळलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. विमान नाही हं! विमानात मी दोनदाच बसलो, जाताना आणि येताना, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होतो. पण विमानतळ, त्यातही तपासणी झाल्यावर माणसाला जिथे अडकवून ठेवतात तो भाग, मला असा कळलाय की तापीकाठच्या दहा गावांत तेवढा कुणाला कळला नसेल!

माझं तापीकाठी, प्रकाशा गावात, खत-बियाण्याचं दुकान आहे. गेल्या साली कपाशीचं बियाणं बरं खपलं, म्हणून कंपनीने आम्हा वीस-बावीस दुकानदारांना बँकॉकला फिरवून आणलं. तीन दिवस आम्ही तिथे मुख्यतः वरण-भात शोधत होतो. डोळे उघडले ते परत येताना, विमानतळावर.

तिथे आपली पिशवी तपासतात, पट्टा काढायला लावतात, पासपोर्टवर शिक्का मारतात. सुटलो बुवा, असं वाटतं. आता समोर विमान हवं की नाही? नाही! समोर अत्तराचं दुकान, ज्याला ड्युटी-फ्री म्हणतात! बाजूला नाही, रस्त्यातच. सरळ जाऊ म्हटलं तर सरळ रस्ताच नाही. वाट वळत वळत जाते आणि माल बरोबर उजव्या हाताला, कारण उचलणारा हात तोच. अत्तरं संपली की चॉकलेटं. मधोमध डब्यांचा माणसापेक्षा उंच ढीग, त्याला वळसा घातल्याशिवाय सुटका नाही. घड्याळ नाही, खिडकी नाही. कोणत्या गेटवर जायचं ते उशिरा सांगतात, तोवर हिंडा! आणि गेट पार शेवटच्या टोकाला.

मी हिंडलो. तीन किलो चॉकलेट, मानेभोवती घालायची उशी आणि एक लाकडी हत्ती एवढं घेऊन गेटपाशी पोहोचलो. नंदुरबारचे किशनलालशेठ तिथे रिकाम्या हातांनी बसलेले.

"शेठ, तुम्ही काहीच घेतलं नाही?"

"मी जमिनीकडे बघत आलो," शेठ म्हणाले. "भाऊ, स्वतः दुकानदार असून दुसऱ्याच्या दुकानात फसता?"

फसलो नव्हतो! शिकत होतो! चॉकलेटच्या पिशवीवर मी तिथल्या तिथे सगळा नकाशा काढला.

नकाशा कशाला, ते सांगतो. माझी बायको रुपा गावात बचत गट चालवते. नऊ बाया मिळून बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, करतात. सहा वर्षं झाली. पण माल करणं वेगळं आणि खपवणं वेगळं. यंदा दोन क्विंटल बिबडे वाळवून ठेवलेले, गिऱ्हाईक नाही, आणि घराघरात सासवांची कुरकुर. सगळ्यात मोठा आवाज तुळशीकाकूंचा. त्यांची सून सरलाबाई म्हणजे गटाचा कणा. काकूंनी आमच्या ओट्यावर येऊन अहिराणीत सांगितलं, "रुपा, यात्रामा माल खपना ते ठीक. नई ते मन्ही सून घरमा बसी!"

गावातल्या बाकीच्या सासवा काकूंच्याच तोंडाकडे बघून चालतात. म्हणजे महाशिवरात्रीच्या यात्रेत बिबडे गेले नाहीत, की गट संपला! त्या दिवशी रुपाने भाजीत दोनदा मीठ घातलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत तिने मला एकदाही मदत मागितली नव्हती. आताही मागितली नाही, म्हणूनच मी करायचं ठरवलं.

"यात्रेतली मांडणी माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"तुमनावर?" रुपा म्हणाली. "अन् तो हत्ती कोनी लयना?"

हत्ती मीच आणला होता, हे खरं. मी कामाला लागलो.

आमच्या यात्रेत देवळाच्या बाजूच्या दरवाजापासून मोटारस्टँडपर्यंत सरळ रांगेत दुकानं लागतात. लोक दर्शन घेतात आणि नाकासमोर चालत गाडीत जाऊन बसतात. यंदा यात्रा समितीला पटवून मी बांबू रोवले, कनाती बांधल्या आणि वळणावळणाची वाट केली. तोंडाशी अत्तराऐवजी अगरबत्तीवाला. मग चॉकलेटऐवजी बत्तासे. मधोमध बिबड्यांच्या पुड्यांचा माणसापेक्षा उंच ढीग, वर निमुळता होत गेलेला, भोवती दिव्यांच्या माळा. सरलाबाईंनी शकुन म्हणून त्याच्या टोकावर नारळ ठेवला. आणि पार शेवटी, गेटच्या जागी, रुपाचं विक्रीचं टेबल. माणूस निघता निघता घाईत जास्त घेतो, हा आंतरराष्ट्रीय अनुभव आहे!

महाशिवरात्रीच्या सकाळी पहिले आले रेवजीआबा. नदीपलीकडच्या गावचे, पांढरा फेटा, ऐंशीच्या पुढचे. आबा दरवाजातून बाहेर आले, त्यांना अगरबत्तीचा वास आला आणि त्यांनी हात जोडले. जोडले ते जोडलेच! वाट वळली तसे वळले. ढीग उजव्या हाताला ठेवून, ओठांत नाम घेत, त्याला वळसा घातला. वर नारळ दिसला तेव्हा थांबून डोकं टेकवलं आणि एक बेलाचं पान वाहिलं.

"समितीनी औंदा प्रदक्षिणानी चांगली सोय करी," आबा मागच्या बाईला म्हणाले. झालं! तिने हात जोडले, तिच्या मागच्याने जोडले, आणि पाचेक मिनिटांत अख्खी रांग हात जोडून चालायला लागली. आता जोडलेल्या हातांनी माणूस पुडा उचलणार कसा, सांगा!

सरलाबाई ताटात भाजलेल्या बिबड्यांचे तुकडे घेऊन उभ्या होत्या. विमानतळावरच्या अत्तरवाल्या पोरीसारखं हसायचं, हे मी त्यांना शिकवलेलं.

"चाखी देखा, आबा."

"उपास शे ना माय." आबांनी तुकडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि उपरण्याच्या टोकात बांधला. मागचे सगळे तसंच करायला लागले. ताट रिकामं झालं. विक्री शून्य!

"रुपा, बघ, माल हलतोय!" मी म्हणालो.

"फुकट हाली ऱ्हायना," ती म्हणाली.

तरी मी शांत होतो. अजून शेवटचं टोक बाकी होतं ना! पण त्या टोकाच्या दहा पावलं आधी, कनातीच्या पलीकडे, दोधूचं चहाचं दुकान होतं. दोधू कप विसळायचा आणि ते पाणी कनातीखालून येऊन, बोटभर धार धरून, माझ्या वाटेवरून आडवं जायचं. नकाशात ते नव्हतं!

आबा त्या पाण्यापाशी आले आणि थबकले. तुम्हाला ठाऊकच आहे, महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. तिथून मागे फिरायचं. आबांनी पाण्याला नमस्कार केला आणि मागे फिरले. रांग मागे फिरली!

मी पळत गेलो. "आबा, हे दोधूना चहाना कप धुवानं पानी शे!"

कनातीवरून दोधूनं डोकं काढलं. "हा आबा, मन्हंच शे!"

"आसू दे ना भाऊ," आबा शांतपणे म्हणाले. "पानी ते पानी. आज महाशिवरात्र शे. कसाले ओलांडो?"

आता येणारे येतायत आणि फिरलेले परत जातायत, त्याच एका वाटेत! भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोनशे माणसं एकमेकांना 'हर हर महादेव' म्हणत अंग चोरून सरकतायत. पाण्याच्या अलीकडे जत्रा आणि पलीकडे माझी बायको एकटी, टेबलावरच्या कापडाचे कोपरे सारखे करत बसलेली. तेच तेच कोपरे. ते मला बघवेना.

म्हटलं, एकाने पाऊल टाकलं की बाकीचे येतील! मी धोतर-बितर नव्हतं म्हणून पँटच वर खोचली आणि सगळ्यांच्या देखत टुणकन उडी मारून पाणी ओलांडलं.

दोनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. 

"ओलांडं रे, यानी ओलांडं!" हा आवाज तुळशीकाकूंचा. त्या दर्शनाला आलेल्या, नेमक्या पुढेच उभ्या. "हेमकांत! अरे, हाई काय करं?"

"काही नाही काकू, हा आलो परत," म्हणून मी पाय उचलला.

"खबरदार!" काकूंनी काठी आडवी धरली. "एकदाव पाप व्हयनं ते व्हयनं. परत ओलांडशी ते डबल व्हई!"

"मंग मी काय करू?"

"उभा ऱ्हाय तठेच!"

पासपोर्टवर शिक्का बसल्यावर माघारी येता येत नाही, तशी माझी गत! तसं मागच्या बाजूने स्टँडवर निघून जाता आलं असतं. पण मालाची पोती टेबलाखाली होती, आणि रुपाला तिथे सोडून जायला तोंड कुठे होतं?

आणखी कुणी हा मूर्खपणा करू नये म्हणून काकूंनी पाण्याच्या अलीकडे बैठक मारली, काठी मांडीवर घेऊन. येईल त्याला माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "तो मानूस देखा. तेनी पानी ओलांडं. सकायपासून तठेच उभा शे!"

"अरेरे! कोन शे तो?"

"बँकॉकथून उना शे."

"आसं का!" म्हणून लोक थांबायचे, मला नीट न्याहाळायचे, बायका पोरांना दाखवायच्या. कुणी विचारायचं, घरी बायको-पोरं आहेत का. पाच-पाच मिनिटं माणूस हलायचा नाही.

रुपा हे बघत होती. ती उठली, दोन टोपल्या भरल्या, कनातीखालून वाकून बाहेरच्या बाहेर वळसा घालून गेली आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसली. मोठ्याने काही नाही. थांबलेल्या बाईला नुसतं म्हणायची, "बिबडा शेतस माय. उपास सुटना का भाजीसन खाज्यात." आणि पाण्याचं विचारलं तर खरं सांगायची, की चहाचं आहे. बाया मान डोलवायच्या आणि पुडा घ्यायच्या. थांबलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, हे मला तेव्हा कळलं!

टोपल्या रिकाम्या झाल्या. माल माझ्याकडे, गिऱ्हाईक पलीकडे. काकूंजवळ बसलेल्या रेवजीआबांना विचारलं, माल पलीकडे कसा द्यायचा? त्यांनी बराच विचार करून निकाल दिला, "पाय नको. हात चालस." मग मी पाण्यावरून पुडे देत राहिलो आणि सरलाबाई घेत राहिल्या. मधेच काकूच ओरडायला लागल्या, "लवकर दे रे हेमकांत, बाया खोळंबी ऱ्हायन्यात!"

संध्याकाळी दोधूनं दुकान आवरलं, पाणी वाळलं, तेव्हा मी सुटलो. पाय नुसते सुजलेले! दुसऱ्या दिवशी मी घरीच थांबणार होतो, पण नऊच्या सुमाराला काकूंचा निरोप आला, की लोक विचारतायत, तो माणूस कुठे गेला. मी चपला घातल्या आणि जाऊन पलीकडे उभा राहिलो.

दुपारपर्यंत पोती संपली. मग मधला ढीगही संपला आणि नारळ तेवढा राहिला. काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सरलाबाईंना म्हणाल्या, "पुढला साल ज्वारी जास्ती भिजाड."

एवढंच. पण रुपाने पदर तोंडाला लावला आणि नऊच्या नऊ बाया एकदम बोलायला लागल्या. मी पलीकडून ओरडलो, "शेवटी माझा नकाशा चाललाच ना?" कुणाला ऐकूच गेलं नाही.

पुढच्या सोमवारी गटाची बैठक आमच्याच ओसरीत झाली. आभाराचा ठराव येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसलो होतो. सरलाबाईंनी वाचून दाखवलं: "पुढील वर्षी यात्रेत कोणतीही मांडणी करू नये. दोधूभाऊंना चहाचे दुकान त्याच जागी लावण्याची विनंती करावी. आणि हेमकांतभाऊंनी यंदाप्रमाणेच दोन्ही दिवस पलीकडे उभे राहावे. सूचक, तुळशीबाई. अनुमोदक, रुपाबाई. सर्वानुमते मंजूर."

"निदान एक खुर्ची?" मी विचारलं.

"बसेल मानूसले कोन देखस?" काकू म्हणाल्या.

खुर्चीचा ठराव नामंजूर झाला. माझ्या बायकोनेही विरोधात हात वर केला! तेव्हापासून रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, मी अर्धा तास नुसतं उभं राहायची सवय करतोय.