पातेल्याचं बूड

दयानंदला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. हातात मोबाइल, एका पायात चप्पल, दुसरी कुठं राहिली याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत तो ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओसरीत येरझाऱ्या घालत होता. बायको शिवकन्या येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजक्या धान्या-मसाल्यांचं पीठ, करायची आणि दयानंद लातूरच्या घरी बसून तो विकण्यासाठी ब्लॉग लिहायचा. लेख झकास असत. पण गुगलवर 'येसर' शोधलं, की त्याचा लेख निघायचा तिसऱ्या पानावर, आणि तिसऱ्या पानापर्यंत जाण्याइतका रिकामा माणूस दयानंदशिवाय दुसरा कोणी नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं. पण लोह्याला बी-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या मेहुण्यानं, अमृतरावानं, चार पाहुण्यांसमोर डिवचलं होतं. "दाजी, दसऱ्यापत्तर तुमचा लेख पयल्या पानावर आला तर हात जोडतो. न्हाई आला तर गुमान माझ्या दुकानात या. रब्बीला माणूस लागतोच."

दयानंदही तावातावानं 'हाव' म्हणून बसला. आता दसरा जवळ आला होता. गिऱ्हाइकांच्या देखत "दाजी, जरा तेवढं पोतं सरकवा" हे ऐकावं लागणार, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

शेवटी त्यानं नांदेडला पुतणीला फोन लावला. तनुजानं याच विषयाचा कोर्स केला होता.

"काका, नुसतं लिवलेलं कोण वाचतंय? लेखात व्हिडिओ टाका. माणूस शेवटपर्यंत बघत बसला, की गुगलला वाटतंय हितं कायतरी हाय. मग ते तुम्हाला वर ढकलतंय."

दयानंदनं लगेच मोबाइल खुर्चीवर टेकवून चित्रीकरण मांडलं. रोजची भांडी पोचे पडलेली, काळवंडलेली. "ही न्हाई चालणार," तो म्हणाला. "चकचकीत कायतरी काढ."

शिवकन्येनं माळ्यावरून मोठं स्टीलचं पातेलं काढलं. त्यांच्या वास्तुशांतीला अमृतरावानं चमचमत्या कागदात गुंडाळून दिलेलं, आणि तेव्हापासून कोणाच्या तरी आहेरासाठी राखून ठेवलेलं.

"जरा फिरव ना, लई चमकायलंय," दयानंद म्हणाला आणि त्यानं स्वतःच पातेलं फिरवलं. मोबाइलपाशी येऊन बघतो तर पातेलं पुन्हा जसंच्या तसं. "पुन्यांदा कामून फिरवलंस?"

"हात लागला असंल."

भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सगळं पातेल्यात एकत्र झालं. शेवटी तिनं ते डब्यात ओतायला घेतलं, तेव्हा दयानंदच म्हणाला, "सावकाश ओत. बघणाऱ्याला नीट दिसाय पायजे." तिनं अगदी सावकाश ओतलं.

व्हिडिओ लेखात बसवला, लेख नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तो अजून पाणीही प्याला नव्हता तोच शिवकन्येच्या आत्याचा, जगदेवीबाईंचा, नांदेडहून फोन.

"जावाईबापू, येसर राहू द्या. ते पातेलं कुणाचं हाय?"

"अमृतरावांनी दिलंय की, वास्तुशांतीला."

"असं? त्याच्यावर काय कोरलंय ते वाचा जरा."

दयानंद पळत आत गेला. पातेल्याच्या अंगावर ठळक अक्षरं होती : 'चि. अमृतराव यांच्या लग्नानिमित्त सप्रेम भेट, जगदेवी आत्याकडून.'

"माझी भेट त्यानं सख्ख्या बहिणीला खपवली!" आत्या कडाडल्या. "थांबा, सगळ्यास्नी दावते."

आणि खरंच दाखवली. सगळं गणगोत लेखावर तुटून पडलं. व्हिडिओ थांबवून, मोठा करून, चष्मे पुसून अक्षरं वाचली जाऊ लागली. थोड्या दिवसांत तनुजाचा फोन आला. "काका, दुसऱ्या पानावर आलाव! लोकं तुमच्या लेखावरून हलंनात!"

दयानंदला आनंद व्हायच्या आत अमृतरावाचा फोन. "दाजी, तो व्हिडिओ आधी काढा. आत्यानं मला दसऱ्याच्या जेवणाला येऊ नको मनून सांगितलंय."

आता काय करायचं? व्हिडिओ ठेवला तर मेहुण्याशी वैर, काढला तर मेहुण्याचंच दुकान. दयानंदनं बटणावर बोट नेलं, मागं घेतलं, परत नेलं. शिवकन्या धणे निवडत बसली होती.

"काढू का गं?"

"तुमचा व्हिडिओ, तुम्ही ठरवा. पण काढायच्या आधी शेवटपर्यंत बघा तरी."

तो बघायला बसला, पण तेवढ्यात उदगीरहून गौरम्माकाकूंचा फोन आला. या आत्यांच्या जाऊबाई.

"दयानंदा, ओतताना त्या पातेल्याचं बूड दिसायलंय बघ. त्याच्यावर माझं नाव हाय. मल्लिनाथच्या लग्नात मी जगदेवीला दिल्तं ते!"

दयानंदनं पातेलं पालथं केलं. बुडावर बारीक अक्षरात खरोखरच मल्लिनाथचं लग्न आणि गौरम्माकाकू नांदत होत्या. म्हणजे आत्यांनी लेकाच्या लग्नातलं भांडं उचललं, अंगावर आपलं नाव कोरलं आणि भाच्याच्या माथी मारलं.

संध्याकाळी आत्यांचा आवाज पार उतरला होता. "जावाईबापू, घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडू न्हाई. काढून टाका तो व्हिडिओ."

त्यांनी फोन ठेवला न ठेवला तोच अमृतराव. आवाजात नुसती साखर. "दाजी, काढला न्हाई ना? आजिबात काढू नका! मी लोह्यात, हिमायतनगरला, माहूरच्या पाहुण्यांस्नी, सगळीकडं धाडलाय. बूड दिसंपर्यंत बघा मनून सांगितलंय."

त्यानं दुकानात येणाऱ्या एकाही शेतकऱ्याला बूड बघितल्याशिवाय बियाण्याची पिशवी दिली नाही. बघणारे बघत राहिले, त्यातल्या कैकांनी येसरही मागवला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तनुजा फोनवर ओरडली, "काका, पयलं पान! त्याच्यात बी पयला नंबर!"

दयानंदनं तडक लोह्याला फोन लावला. त्यानं अमृतरावाला बातमी सांगितली.

"म्हंजी... रब्बीला तुम्ही येत न्हाई?"

"कसा येऊ? तुम्हीच तर वर ढकललं, अमृतराव. हात मात्र जोडा."

फोन ठेवून दयानंद कितीतरी दिवसांनी ऐसपैस बसला. "नशीब बघ," तो बायकोला म्हणाला, "नेमकी नावं कॅमेऱ्यात आली."

शिवकन्या पातेलं पुसत होती. "नशीब कशाचं? दोन्ही नावं मी वास्तुशांतीच्या दिवशीच वाचल्याली. तुम्ही सारखं फिरवायलाव आन् मी सारखं सरळ करून राहिले." मग हात थांबवून ती हळूच म्हणाली, "दादाच्या दुकानात तुम्ही पोती सरकवत उभे राहिलेले मला बघवलं नसतं."

दयानंद तिच्या हातातलं पातेलं घेऊन स्वतः पुसू लागला. पुसता पुसता त्यानं विचारलं, "पुढचा व्हिडिओ कशाचा करायचा?"

"शेंगाची चटणी करू."

"करू की!"

"मग माळ्यावरची ती मोठी परात काढा," शिवकन्या म्हणाली. "तुमच्या बहिणीनं दिल्याली."

दयानंद उठला, आणि एकच चप्पल पायात सरकवून पुन्हा ओसरीतून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला.