मैथिलीचा फाटका पंचम

"मैथिली, पंचम फाटतोय तुझा," सुमतीताई चौथ्यांदा म्हणाल्या.

डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी लॅपटॉपमधून यमन येत होता, पण पापड भाजल्यासारखा तडतडत. मैथिली घोडबंदर रोडला राहायची. तिथल्या ट्रॅफिकमधून येण्याजाण्यात संध्याकाळ संपायची, म्हणून तास ऑनलाइन. शनिवारी तिची गाण्याची परीक्षा होती.

"ताई, मी नीटच गातेय हो," ती रडवेली झाली.

"घसा बसलाय. ज्येष्ठमध चघळ, आणि दोन दिवस अजिबात बोलायचं नाही."

मैथिलीने दोन दिवस घरात चिठ्ठ्या लिहून जेवण मागितलं. तिसऱ्या दिवशी तिची आईच स्क्रीनवर आली. "डॉक्टरांना दाखवलं ताई. घसा एकदम ओके आहे म्हणाले."

सुमतीताई चमकल्या. आईचाही आवाज तडतडत होता. मायलेकींचे घसे एकदम कसे बसतील?

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, तुमच्या या लॅपटॉपचंच काहीतरी बिनसलंय."

आनंदरावांना ते फार लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून स्वतःच्या हाताने लिनक्स टाकलं होतं, आणि बिल्डिंगमध्ये ही गोष्ट न ऐकलेला माणूस उरला नव्हता.

"लिनक्समध्ये असं होत नाही," ते म्हणाले आणि काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करायला बसले. साउंड कार्डचा ड्रायव्हर बदलल्यावर फाटका आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येऊ लागला. मग इंटरनेटवरच्या कुणा जाणकाराच्या सल्ल्याने त्यांनी सगळी आवाजाची यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली. म्हणजे बंद झाली. चालू काही झाली नाही.

"बघ, तडतड गेली!"

"अहो, आवाजही गेला!"

शुक्रवारी त्यांची मुलगी ऋजुता कल्याणहून आली. तिने अर्ध्या तासात सगळं पूर्ववत केलं, त्याबरोबर तडतडही परत आली. मग तिने आवाजाची सेटिंग उघडली आणि बघतच राहिली.

"बाबा, व्हॉल्यूम दीडशे टक्क्यांवर कुणी नेला? शंभरच्या वर गेला की फाटणारच ना!"

"मीच. लिनक्समध्ये तशी सोय आहे," आनंदराव अभिमानाने म्हणाले. "शंभरवर काही ऐकूच येत नाही."

"मला येतं की," सुमतीताई म्हणाल्या.

ऋजुताने व्हॉल्यूम शंभरवर आणला. तास सुरू झाला आणि मैथिलीचा पंचम असा स्वच्छ लागला की सुमतीताईंना गहिवरून आलं. "चुकलं गं बाळा माझं," त्या म्हणाल्या. "उद्या अशीच गा."

मैथिलीने हसून पुन्हा सूर लावला. आनंदराव शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. दहा मिनिटं त्यांनी धीर धरला. मग बायकोकडे वाकून म्हणाले, "अगं, सुरू कर म्हणावं तिला. केव्हाची नुसती तोंड उघडून बसलीय."