दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

"हप्ता भरायचा तो भरा, पण ह्या डब्याचा विमा नक्की कशासाठी, ते मला एकदा समजू दे," दमयंतीबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या.

डबा म्हणजे अंगणात उभी असलेली आत्माराम सुर्व्यांची मोटार. मुंबईला गोदीत हेडक्लार्की करून आत्मारामभाऊ रत्नागिरीला परतले, तेव्हा विलायतेला निघालेल्या एका साहेबाने ती त्यांच्या गळ्यात बांधली होती. साहेब बोटीची शिडी चढताना एकटाच हसत होता म्हणे. येता येता घाटात तिचे एक मडगार्ड राहिले, आल्यावर तिच्या टपावर कोंबड्या वस्तीला आल्या, आणि ब्रेक तर पहिल्यापासूनच नावाला होते. म्हणून उभी करताना भाऊ तिला उलटा गिअर घालून ठेवीत. तेवढा एक हुकूम ती पाळत असे. पण गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे लोक त्यांना 'मोटारवाले सुर्वे' म्हणत आणि भाऊ ते ऐकायला दिवसातून दोनदा उगीचच बाजारात जात.

ओटीवर बसलेले विमा एजंट पेठे बोटीने मुंबईहून आले होते आणि त्याच दिवशी बोटीने परत जाणार होते. त्यांनी कागद पसरले.

"दोन प्रकार आहेत, भाऊसाहेब. पहिल्यात तुमची गाडी मोडली, जळली, चोरीला गेली, तरी कंपनी भरून देते. हप्ता जरा चढा आहे. दुसऱ्यात फक्त तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. हप्ता अगदी किरकोळ."

"पहिला नको," दमयंतीबाई म्हणाल्या. "मोडायचं काय राहिलंय तिच्यात? आणि चोर आला तर धक्का मारायला आपल्यालाच उठवील."

भाऊंना राग आला. पण बायकोच्या बोलण्यात खोडून काढण्याजोगे काही सापडेना, तेव्हा त्यांनी तेच मत आपले म्हणून एजंटाला सांगितले.

"मग दुसरा लिहितो," पेठे म्हणाले. "गाडी जाते-येते तिथं आसपास दुसऱ्या कुणाचं काय आहे?"

"दुसऱ्याचं?" भाऊ ताठ बसले. "इथं दुसऱ्याचं काय असणार? हे आगर माझं, ती वाट माझी, तो गडगा माझा."

गडग्यापलीकडून खोकल्याचा आवाज आला. "गडगा कोनाचा ता कोर्ट ठरवील, दादा."

हे सखाराम, भाऊंचे सख्खे चुलतभाऊ. दोन्ही अंगणांच्या मधला तो चिऱ्यांचा गडगा कुणाचा, यावर दोघांचा दावा वर्षानुवर्षे चालला होता. गडगा कमरेएवढाच होता, पण त्याच्या जोरावर भाऊंच्या वकिलांनी आपल्या घरावर माडी चढवली होती. भाऊंना दुसरे काही नको होते. मुलगे मार्गी लागले होते, पेन्शन येत होते. एकदा सखारामने चारचौघांत 'गडगा दादांचा' म्हणावे, एवढ्यासाठी त्यांचा जीव अडकला होता. सखारामही भाऊंना कधी 'दादा' म्हटल्याशिवाय शिवी देत नसत. घराण्याची रीत दोघांनी सोडली नव्हती.

सह्या झाल्या, हप्ता भरला, पावती मिळाली. "चला, तुम्हाला मोटारीनं बंदरावर सोडतो," भाऊ म्हणाले. पेठ्यांनी मोटारीकडे पाहिले आणि चालणे प्रकृतीला फार चांगले असते असे दोनदा सांगितले. भाऊंनी ऐकले नाही. ते तडक मोटारीपुढे गेले आणि खाली वाकून हँडल मारले.

एरवी ही मोटार अर्धी आळी घामाघूम झाल्याशिवाय दाद देत नसे. विमा उतरल्याचे कळले असावे, आज ती पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. उलटा गिअर तसाच होता. भाऊ हँडल हातात धरून वाकलेले, आत कुणी नाही, आणि मोटार कोंबड्यांसकट मागे मागे गेली ती थेट गडग्यात. चिरे धडाधड पलीकडे कोसळले. मोटार तिथेच रुतली आणि बंद पडली.

पेठे धावत आले. "घाबरू नका, भाऊसाहेब. शाई वाळायच्या आत विमा कामाला आला. भिंत शेजाऱ्यांचीच ना? कंपनी नवी बांधून देईल."

"माझाच गडगा!" सखाराम पलीकडून ओरडले. "लिवा, लिवा. सुर्वे सखाराम!"

दमयंतीबाई पदर सावरत खाली उतरल्या आणि भाऊंच्या कानाशी लागल्या. "अहो, त्यांचाच म्हणा. नवा कोरा गडगा फुकटात मिळतोय."

"आणि कोर्टात काय तोंड दाखवू?" भाऊ कुजबुजले. मग छाती काढून मोठ्याने म्हणाले, "गडगा माझा आहे. वाडवडलांपासून माझा."

"नीट विचार करा," पेठे म्हणाले. "स्वतःची वस्तू मोडली तर ह्या विम्यात दमडी मिळत नाही."

"नको मला दमडी. लिहा, गडगा आत्माराम सुर्व्यांचा. ठळक लिहा." त्यांना आता स्फुरण चढले होते. "आणि सखाराम, धमक असेल तर साक्षीला सही कर."

सखाराम पडलेल्या चिऱ्यांकडे बघत होते. चिऱ्यांखाली त्यांचे हापूसचे कलम बुडाशी मोडून आडवे झाले होते. "पयलाच मोहोर धरलान होता," ते स्वतःशीच म्हणाले. मग ते कलमाकडून गडग्याकडे आणि गडग्याकडून दादांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"बरं, दादा," ते शेवटी म्हणाले. "गडगा तुमचा. आना कागद."

त्यांनी सही केली. आळी जमली होती, सगळ्यांनी ऐकले. भाऊंचे डोळे भरून आले. ज्याच्यासाठी उभा जन्म कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ते मोटारीच्या एका धक्क्यात मिळाले होते. त्यांनी सखारामला मिठी मारली आणि आत चहा टाकायला सांगितले.

"चहा घेतो," सखाराम म्हणाले. "पन दादा, तुमच्या गडग्यानं माझं कलम मारलान, त्याचं काय?"

"अरे, हे तर दुसऱ्याचं नुकसान! कंपनी देईल." भाऊ मोठ्या मनाने पेठ्यांकडे वळले.

पेठे चष्मा पुसून गडग्याकडे गेले आणि वाकून बघून परत आले. "गाडी कलमापर्यंत गेलेलीच नाही, भाऊसाहेब. कलमावर पडला तो गडगा. आणि गडग्याचे विमे आमची कंपनी उतरवत नाही."

"पन गडग्याला पाडला कोनी?" गर्दीतून कुणीतरी विचारले.

"मालकाच्या गाडीनं मालकाचा गडगा पाडला. घरचा मामला आहे," पेठे म्हणाले, आणि बॅग उचलून प्रकृतीसाठी चालतच बंदराकडे निघाले. त्यांचा वेग पाहता बोट त्यांना चुकणे शक्य नव्हते.

"हापूसचं कलम हाय, दादा," सखाराम बशीत चहा ओतत म्हणाले. "पन्नास वरसं आंबे देलान असतान. ता आपन कोर्टातच मोजू."

भाऊंना चहा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वकिलांकडे गेले. वकिलांच्या कानावर सगळे आधीच गेले होते. "अभिनंदन, भाऊ," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "गडगा मिळाला म्हणे. म्हणजे आता आपलं येणंजाणं संपलंच."

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वकीलसाहेब, तो गडगा सखारामचा आहे, हे सिद्ध करता येईल का?"

वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आले. "का नाही येणार? इतकी वर्षं सखाराम स्वतःच तर कोर्टात पुरावा देताहेत," ते म्हणाले, आणि भाऊंसाठी त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.