आठ जणी एकाच दिशेला

या माउली, असं लांब खांबाला टेकून नका बसू, जरा पुढे सरका. मोबाइल पालथा घाला आणि चित्त इकडे द्या. भांडुपच्या एका भल्या माणसाची कथा सांगतो.

टेकडीखालच्या मैदानात बाळा घाडीगावकर मुलींना खो-खो शिकवत. यंदा त्यांचा संघ प्रथमच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. जिंकला तर कर्णधार ऋतिका राज्याच्या निवड चाचणीला जाणार, आणि सरांचा सगळा जीव त्यातच अडकलेला. असा मंगल योग जुळून आला असताना, एका सकाळी चहा पिता पिता सरांनी फेसबुकवर राजकारणाबद्दल आपलं मत मांडलं.

बुद्धी फिरली, दुसरं काय!

दुपारपर्यंत पालकांचा ग्रुप दुभंगला. अर्धे म्हणाले, प्रशिक्षकाला मत असूच नये. उरलेले म्हणाले, असावं, पण आमचं असावं. सरांनी घाबरून मत पुसून टाकलं. लगेच विचारणा झाली, "कोणाच्या दबावाखाली पुसलंत?"

"तुमका कोणी सांगितला होता मत टाकूक?" घरी वनमालावहिनींनी कपाळाला हात लावला. "भाजी खंयची आणूची, ह्याच्यावर कधी मत नाय तुमचा!"

क्रीडा मंडळाचे अध्यक्ष नंदकिशोर यांनी तातडीने 'समाजमाध्यम शिस्त उपसमिती' नेमली. उपसमितीने सरांना मारुतीच्या देवळात नेऊन शपथ घातली, की स्पर्धा संपेपर्यंत कोणत्याही विषयावर मत देणार नाही. सर पापभीरू. त्यांनी शेंदराला बोट लावून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेटसला नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. रंगावरून खुलासा मागवण्यात आला. तिसऱ्या दिवशी विठोबा ठेवला. म्हटलं, सावळ्याला कोण नावं ठेवणार? तर ऋतिकाच्या आई सुगंधाताई म्हणाल्या, "कमरेवर हात ठेवून नुसता बघत उभा आहे. हा प्रशासनाला टोमणा नाही तर काय?" त्यानंतर सरांनी काहीच ठेवलं नाही. उपसमितीने नोंद घेतली, की सरांचं मौन बोलकं आहे.

मग उपसमिती सराव पाहायला मैदानात आली. आता खो-खोची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आठ जणी ओळीत बसतात. एकीचं तोंड डोंगराकडे, तर शेजारणीचं स्टेशनकडे. नववी धावते आणि बसलेलीला पाठीमागून खो देते.

नंदकिशोर ओळीकडे बघतच राहिले. "सर, पोरींमध्ये तुम्ही दोन गट पाडलेत?"

"साहेब, खेळच तसा आहे."

"माझी प्रांजल त्या लोकांच्या मुलींकडे पाठ करून बसलीय. उद्या हा फोटो फिरला तर? ते काही नाही, सामन्यात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करा. व्यासपीठाकडे."

"अहो, सगळ्यांनी एकीकडेच बघितलं, तर मागे काय चाललंय ते दिसणार कोणाला?"

नंदकिशोरांनी बोट वर केलं. "हे मत झालं, सर."

सरांना मारुती आठवला. त्यांनी पोरींना एका बाजूला वळवून बसवलं.

सामन्याच्या दिवशी आठही जणी व्यासपीठाकडे तोंड करून बसल्या. पाहुण्यांना फार बरं वाटलं. पंचांनी मात्र शिट्टी मारली. "काय चाललंय काय? नियमाप्रमाणे बसा, नाहीतर संघ बाद करीन!"

"सर, फिरू का?" ऋतिकाने ओरडून विचारलं.

"सर, शपथ!" नंदकिशोर गरजले.

पालकांचे सगळे मोबाइल सरांच्या तोंडावर रोखले गेले. सुगंधाताईंचा सगळ्यांत पुढे. सरांनी पोरीच्या रडवेल्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मनात मारुतीची क्षमा मागितली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "फिर गं बाय! शेजारीण बघते त्याच्या उलट बघा सगळ्या जणी!"

पुढे सामना झाला. पण पालकांना वेळ कुठे होता? ते व्हिडिओ पाठवत होते. 'लहान मुलींना उलट बघायला शिकवणारा प्रशिक्षक' अशी ओळ खाली टाकलेली. कित्येक दिवसांत प्रथमच दोन्ही गटांचं एकमत झालं. संध्याकाळी सरांना नारळ मिळाला. समाजात एकोपा नांदवण्याचं कार्य त्यांच्या हातून असं पार पडलं.

आता खरं सांगा माउली, मघापासून तुमच्या मनात एकच घोळतंय ना, सर नेमके कोणत्या पक्षाचे? पोरी जिंकल्या की हरल्या, हे तुम्हीही विचारलं नाहीत.

जिंकल्या हो, जिंकल्या. वेळ संपता संपता ऋतिकाने खांबापाशी असा सूर मारला, की गुडघ्यांची सालटी निघाली, पण शेवटचा गडी बाद झाला. तिने धुळीतूनच मान वर करून आईला शोधलं. आईचा मोबाइल सरांवर होता. तो सूर कोणाच्याच मोबाइलमध्ये नाही. तेव्हा एवढं करा, त्या पोरीला तुम्ही तरी आठवणीत ठेवा.