डब्याचा प्राधान्यक्रम

एका नळीतून एकच गोष्ट वाहावी, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. पाण्याच्या नळीतून पाणी, गटाराच्या नळीतून गटार. (दोन्ही एकत्र आल्याचे प्रसंग आपल्या भागात घडतात, पण ते धोरण म्हणून नव्हे.) त्यामुळे घोडपदेवच्या हिमकांती कोल्ड स्टोरेजमध्ये एकाच निळ्या तारेतून माहिती आणि वीज दोन्ही वाहू लागली, तेव्हा मोठाच प्रशासकीय पेच पडला.

सोय मात्र उत्तम होती. पूर्वी कॅमेरा लावायचा तर चित्र आणायला एक तार आणि वीज द्यायला दुसरी. आता ऑफिसच्या कोपऱ्यातल्या स्विच नावाच्या पत्र्याच्या डब्यातून निळ्या तारा निघत आणि कॅमेरे, फोन, हजेरीचं मशीन, सगळ्यांची बोलण्याची आणि जेवण्याची सोय एकाच तारेत होई. प्रश्न एवढाच, की तार बिघडली तर जाणार कोण? कॉम्प्युटर विभाग म्हणाला, आत करंट आहे, आम्ही हात लावणार नाही. इलेक्ट्रिकल विभागाने कळवलं, जिचा शॉक बसत नाही तिला हा विभाग वायर मानत नाही. बराच पत्रव्यवहार झाला (एकाच टेबलाच्या दोन बाजूंनी). शेवटी दोन्ही विषयांतलं काहीच न कळणारा, म्हणून सर्वस्वी निःपक्षपाती, असा माणूस नेमायचं ठरलं. हा मान स्टोअरकीपर हितेंद्र परब यांना मिळाला.

हितेंद्र नायगावला राहत. बायको सीमा याच कोल्ड स्टोरेजमध्ये खाली मासळी पॅकिंगला होती. इतकी वर्षं हितेंद्रना कोणी रबरी हातमोज्यांखेरीज काही मागितलं नव्हतं. आता ‘संयुक्त तार विभागप्रमुख’ अशी पाटी लागली. त्या रात्री ते सीमाशी थोडं सावकाश बोलले.

डबा बसवणाऱ्या माणसाने त्यांना एकच गोष्ट समजावली होती. डब्याची वीज मोजकी आहे. मागणी वाढली की डबा आपणहून कोणाची तरी तार उपाशी ठेवतो. कोणाला आधी आणि कोणाला शेवटी, ते तुम्ही ठरवायचं.

ही बातमी फुटली आणि हितेंद्रच्या टेबलावर चहा येऊ लागला. अकाउंट्सचा फोन ‘अत्यावश्यक’ झाला. चहाच्या भांड्यावर नजर ठेवणारा कॅमेरा अत्यावश्यक झाला. मॅनेजर राजेश सरमळकर यांनी रिसेप्शनमध्ये त्याच डब्याच्या विजेवर चालणारा, टीव्हीसारखा भला थोरला पडदा लावला. त्यावर हेल्मेट घातलेले स्वतः सरमळकर आणि ‘सुरक्षा प्रथम’ ही अक्षरं आळीपाळीने झळकत. तोही अत्यावश्यक झाला. हितेंद्रचा स्वभाव मुळात भिडस्त. महिनाभरात शंभर टक्के यंत्रं अत्यावश्यक होती. इतकी समता देशात अन्यत्र आढळणार नाही.

सगळेच अत्यावश्यक असले की डबा भोकांचा क्रमांक बघतो आणि शेवटच्याला तोडतो. शेवटच्या भोकात अमोनिया गळतीचं यंत्र होतं. अमोनिया म्हणजे थंडावा आणणारा वायू. नळीत असेतो गुणी, बाहेर आला की आधी डोळे आणि मग छाती धरतो. हे यंत्र कधी हितेंद्रकडे चहा घेऊन आलं नव्हतं. पडदा लागला त्या दुपारी ते निमूट बंद पडलं. बंद पडल्याची तक्रारही त्याच तारेतून यायची असल्यामुळे ती आली नाही.

परिणाम तात्काळ दिसला. त्या दिवसापासून गळतीची एकही नोंद झाली नाही. सरमळकरांनी पेढे वाटले.

एका सकाळी सीमाचा फोन आला. वास नेहमीसारखा बारीक नाही, डोळे झोंबतायत, शेजारी पॅकिंग करणाऱ्या मीराबाईंना खोकला आवरत नाही. हितेंद्रनी कॉम्प्युटरवर पाहिलं. गळती शून्य.

“इथे तर काहीच दाखवत नाही गं,” ते म्हणाले.

“मग तुम्ही तिथेच बसा,” सीमा म्हणाली. “मी बायकांना घेऊन बाहेर चाललेय.”

फोन ठेवल्यावर हितेंद्र क्षणभर तिथे बसले खरे. मग धावले. रस्त्यापलीकडच्या नळावर बायका तोंडं धूत होत्या. सीमाचे डोळे लालभडक झाले होते आणि ती मीराबाईंना टॅक्सीत बसवत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. हितेंद्रना तेवढं पुरलं. ते तोंडाला रुमाल बांधून वर गेले, डब्याच्या शेवटच्या भोकाजवळचा दिवा विझलेला पाहिला आणि पडद्याची तार उपटली. सरमळकर हेल्मेटसकट विझले. डब्याला दोन घास जास्तीचे मिळाले, गळतीचं यंत्र जागं झालं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोंबललं. मेकॅनिकने धावत जाऊन झडप बंद केली.

मीराबाई दोन दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आल्या. चौकशी समिती त्याआधीच बसली होती. समितीचा तर्क बिनतोड होता. हितेंद्रनी तार उपटेपर्यंत गळतीची नोंद नव्हती. तार उपटताच गळती नोंदली गेली. सबब गळतीस हितेंद्र जबाबदार.

हितेंद्र पुन्हा हातमोजे मोजू लागले. पडदा पुन्हा लागला. अमोनियाच्या यंत्रावर ‘अत्यावश्यक’ असा लाल स्टिकर चिकटवण्यात आला (स्टिकरला वीज लागत नाही). बायकांनी मात्र पॅकिंगचा मागचा दरवाजा कायम उघडा ठेवायचा ठराव केला, आणि तिथे दगड लावायला हितेंद्र स्वतः गेले. “घट्ट बसवा,” एवढंच सीमा म्हणाली.

सरमळकरांना हसायला हरकत नाही. फक्त आपला फोन या क्षणी ज्या सॉकेटवर चार्ज होतोय, तिथून आपण उपटलेली आधीची पिन घरातल्या कोणाची होती, तेवढं उठून पाहून या.